मागे पडलेली धान्ये बाजारापर्यंत कशी न्यावीत : बेळगाव सीमाभागातील नव्या गटांसाठी मार्गदर्शन

खानापूर तालुक्यातील आमच्या गावात राळे, सावे, हुलगा आणि कारळे ही पिके माझ्या सासूबाईंच्या उमेदीच्या काळापर्यंत घरोघरी होती. पुढे माळावर विहिरी आणि मोटारी आल्या, कृष्णाकाठी व घटप्रभेच्या कालव्याखाली ऊस पसरला, सोयाबीनने खरीप व्यापला, आणि ही धान्ये आधी बांधाकडेला व नंतर केवळ बियाण्याच्या गाडग्यात उरली. सात वर्षांपूर्वी आम्ही अकरा जणींनी ती पुन्हा पेरली. पीक पहिल्याच वर्षी आले, परंतु ते नीट विकले जाण्यास तीन हंगाम लागले.

त्या तीन हंगामांत एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ही पिके मागे पडली ती पिकवता येत नाहीत म्हणून नव्हे, कारण पाऊस कमी पडला तरी ती तग धरतात. ती मागे पडली कारण उखळ-मुसळ बंद झाल्यावर त्यांचे टरफल काढणारी गिरण गावाजवळ कोणीच बसवली नाही, आणि टरफलासकटचे धान्य कोणताही दुकानदार घेत नाही. शेत आणि ताट यांच्यामधली ही कडी जोडल्याखेरीज पेरणी वाढवणाऱ्याच्या घरात फक्त पोती साठतात. म्हणून या लेखात पेरणी पाचव्या पायरीवर आहे, आणि ती मुद्दाम तेथे ठेवली आहे.

१. शिवार आणि गिऱ्हाईक एकाच वेळी पाहा

बेळगाव जिल्ह्यात तीन वेगवेगळे कृषी हवामान विभाग येतात. मलप्रभा जेथे उगम पावते त्या कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात पाऊस मुसळधार असतो, तेथे नाचणी आणि वरकस जमिनीवरची धान्ये चालतात. बेळगाव, हुक्केरी, चिकोडी या मधल्या पट्ट्यात राळे, सावे, कारळे आणि रब्बीत खपली गहू घेता येतो. अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग या कोरडवाहू भागात राळे, हुलगा, मटकी आणि जवस यांना जास्त वाव आहे. शेजारच्या तालुक्यात एखादे पीक चांगले आले म्हणून ते आपल्याकडेही येईल असे गृहीत धरू नका.

गिऱ्हाईक शोधण्यासाठी सोपा उपाय असा, की पेरणीच्या आदल्या वर्षी कोठून तरी या धान्याचा पाच-दहा किलो तयार तांदूळ (टरफल काढलेल्या दाण्याला आम्ही तांदूळच म्हणतो) विकत आणावा, त्याची अर्ध्या-अर्ध्या किलोची पाकिटे करून बेळगाव शहरातील शहापूर, टिळकवाडी, अनगोळ येथील ओळखीच्या घरी पैसे घेऊनच द्यावीत, आणि महिन्याभराने पुन्हा कोण मागते ते पाहावे. फुकट दिलेल्या पाकिटाचे सर्वजण कौतुकच करतात, त्यामुळे त्यातून काहीही कळत नाही. आम्ही वीस घरी दिले आणि सात घरांनी पुन्हा मागितले. त्या सात घरांच्या मागणीवरूनच आम्ही पुढच्या वर्षीचे क्षेत्र ठरवले.

नवख्या गटाने नाचणीपासून सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. नाचणीचे टरफल काढावे लागत नाही, ती साध्या पिठाच्या गिरणीत दळता येते, तिला आधारभूत किंमत आहे (२०२५-२६ साठी क्विंटलला ४,८८६ रुपये) आणि गिऱ्हाइकाला ती समजावून सांगावी लागत नाही. कारळ्यालाही आधारभूत किंमत आहे (त्याच वर्षासाठी ९,५३७ रुपये). राळे, सावे, कोद्रा यांना ती नाही, म्हणजे तेथे भाव पडला तर मागे कोणी उभे नाही. नाचणीत हात बसला की मग टरफलाच्या धान्यांकडे वळावे.

२. नावाची खात्री केल्याशिवाय बोलणी करू नका

या एका बाबतीत सीमाभागात जेवढे नुकसान होते तेवढे किडीने होत नसेल. आपण घरात मराठी बोलतो, बाजारात कन्नड, आणि माल कोल्हापूर-पुण्याकडे पाठवतो. तिन्ही ठिकाणी एकच शब्द वेगळ्या धान्याला लावला जातो.

कन्नडमध्ये ज्याला सावे किंवा सामे म्हणतात ते शास्त्रीय नावाने पॅनिकम सुमात्रेन्स हे धान्य होय. कोल्हापूरकडे त्यालाच वरई म्हणतात. महाराष्ट्रात सावा म्हटले की अनेकांच्या मनात एकिनोक्लोआ हे निराळे धान्य असते, ज्याला कन्नडमध्ये ऊदलु आणि मराठीत काही भागांत बर्टी म्हणतात. कन्नड बरगु म्हणजे पॅनिकम मिलिएशियम. त्यालाही कोकणात वरीच म्हणतात. भगर हा शब्द तर दुकानात यांपैकी कोणत्याही टरफल काढलेल्या धान्याला चालतो. राळे म्हणजे कन्नड नवणे, कोद्रा म्हणजे कन्नड हारक, आणि कोरले हे आणखी वेगळे धान्य आहे.

दुसऱ्या वर्षी महाराष्ट्रातील एका व्यापाऱ्याने आमच्याकडून दोन क्विंटल ‘सावा’ मागितला. आम्ही आमचे सावे पाठवले. त्याला एकिनोक्लोआ हवा होता, माल परत आला आणि जाण्यायेण्याचे भाडे आमच्या अंगावर पडले. त्या व्यापाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण त्याच्या भाषेत तो बरोबरच बोलला होता. तेव्हापासून आम्ही बोलणी करताना मराठी, कन्नड आणि शास्त्रीय अशी तिन्ही नावे लिहून देतो आणि सोबत मूठभर नमुना पाठवतो. तुम्हीही तसेच करा.

नावाचा संबंध उपवासाशीही आहे. आषाढी, श्रावण आणि नवरात्रात वरीला मागणी वाढते, पण राळे आणि नाचणी उपवासाला चालत नाहीत. राळ्याचा तांदूळ भगर म्हणून खपवणारे लोक भेटतील. त्यांच्या नादी लागू नका, कारण ज्या घरात हे एकदा कळते ते घर कायमचे तुटते. राळ्याचा स्वतःचा दिवस भोगीचा असतो. कोल्हापूर-सांगलीकडे भोगीला राळ्याचा भात करण्याची रीत आजही अनेक घरांत आहे, म्हणून डिसेंबरअखेर माल तयार ठेवल्यास तो त्या दोन आठवड्यांत चांगला जातो.

३. बियाणे कोठून आणावे

पहिली चौकशी गावातच करा. डोंगराकडेच्या वाड्यांवर कोणाकडे तरी गाडग्यात राखेत घातलेले बी असते. असे बी ठेवण्याचा, वापरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि ब्रँड न लावता विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केला आहे. गावचे बी मात्र अनेकदा मिसळीचे निघते, म्हणून पहिल्या वर्षी ते एका गुंठ्यात पेरून कणसे निवडून घ्यावीत.

सुधारित वाण हवे असल्यास धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाकडे विचारावे. राळ्याचा डीएचएफटी-१०९-३, सावेचा डीएचएलएम-३६-३ आणि खपली गव्हाचा डीडीके-१०२९ हे वाण तेथलेच आहेत. जिल्ह्यातील मत्तीकोप आणि तुक्कानट्टी येथील कृषी विज्ञान केंद्रांतही चौकशी करता येते. दुकानातून तांदूळ आणून तो पेरण्याचा प्रयत्न करू नका. हे सांगण्याची गरज वाटू नये, पण असा प्रयत्न करणारे मी पाहिले आहेत. टरफल काढलेल्या दाण्याच्या उगवणीचा काहीच भरवसा नसतो.

४. कागदपत्रे मे महिन्यातच गोळा करा

आपल्या भागात कामकाजाची भाषा कन्नड आहे. ज्यांना ती वाचता येत नाही त्यांनी गटात एक तरी वाचणारी व्यक्ती ठेवावी, आणि कोणताही अर्ज सही करण्यापूर्वी शब्दशः वाचून घ्यावा. लागणारी कागदपत्रे पुढीलप्रमाणे आहेत :

- चालू वर्षाची पहाणी पत्रिका (आरटीसी), म्हणजे कर्नाटकातला सातबारा
- आधार कार्ड आणि त्याला जोडलेले बँक खाते
- फ्रूट्स या कर्नाटकातील शेतकरी नोंदणीचा क्रमांक, ज्याला सर्वजण एफआयडी म्हणतात
- जमीन कसायला घेतलेली असल्यास मालकाचे संमतिपत्र
- बचत गट असल्यास ठरावाची प्रत आणि गटाचे पासबुक
- पुढे पाकिटे विकायची असल्यास पत्त्याचा पुरावा आणि दोन छायाचित्रे

सर्वांत जास्त अडचण पहाणीवर येते. आमच्या अकरा जणींपैकी नऊ जणींच्या घरी जमीन सासऱ्यांच्या किंवा आजेसासऱ्यांच्या नावावर होती, आणि त्यातले तिघे हयातही नव्हते. नाव बदलण्यासाठी पौती, म्हणजे वारसा नोंद, करावी लागते आणि तिला वेळ लागतो. पहाणीवरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी अनुदान अडते. मराठी आडनाव कन्नडमध्ये लिहून पुन्हा इंग्रजीत आणले की असा फरक हमखास पडतो.

किरकोळ तृणधान्ये पेरणाऱ्यांसाठी कर्नाटक शासनाची रैत सिरी ही योजना आहे. तिच्यात हेक्टरी १०,००० रुपये थेट खात्यावर देण्याची तरतूद ठेवली गेली. नाचणी तिच्यात येत नाही. यंदा ती कोणत्या पिकांना आणि किती क्षेत्राला लागू आहे हे होबळीच्या (तालुक्यातील गावांच्या महसुली मंडळाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कार्यालयात, मे अखेरीस विचारून घ्यावे. येथे एक सापळा आहे : अनुदान पीक सर्वेक्षणातील नोंदीवर अवलंबून असते, आणि सर्वेक्षण करणाऱ्याने गेल्या वर्षीचा ऊस किंवा सोयाबीन तसेच पुढे ओढले तर तुमचे राळे कागदावर नसतेच. पीक उभे असतानाच सर्वेक्षणाच्या ॲपमधील नोंद पाहा आणि चुकीची असल्यास त्याच आठवड्यात हरकत द्या.

५. पेरणी : सलग आणि मिसळून

लागवडीची तपशीलवार माहिती कृषी विज्ञान केंद्रात मिळते, म्हणून येथे थोडक्यात लिहिते. राळे आणि सावे यांना हेक्टरी ८ ते १० किलो बी पुरते, कुरीने, म्हणजे पाभरीने, ३० सेंटिमीटरवर ओळी धराव्यात, आणि पहिली भांगलण तीन आठवड्यांच्या आत झालीच पाहिजे, कारण कोवळेपणी तण आणि पीक ओळखणे कठीण जाते. राळे ८० ते ९० दिवसांत काढणीस येते.

एकट्याने अर्धा एकर पेरू नका. आजूबाजूला ऊस आणि मध्ये राळ्याचा एक तुकडा असला, तर परिसरातले सगळे पक्षी त्याच तुकड्यावर उतरतात. पहिल्या वर्षी आमच्या एका सभासदाच्या शेतात कणसे होती पण दाणे नव्हते. चार-पाच शेतकऱ्यांनी लागून असलेली जमीन निवडून एकाच आठवड्यात पेरावे.

राळ्यात किंवा नाचणीत तुरीच्या ओळी घालाव्यात आणि कडेने कारळ्याचा पाटा ठेवावा. कारळ्याला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत आणि त्याच्या पिवळ्या फुलांवर मधमाश्या येतात. तुरीमुळे जमिनीला नत्र मिळते, शिवाय पावसाने ओढ दिली तरी एक पीक हाती लागते. एका एकरात एकच धान्य घेऊन त्याचीच विक्री वाढवत गेलो, तर आपण उसाच्या जागी राळ्याचा ऊस करून ठेवू, असे मी गटात नेहमी म्हणते. गिऱ्हाइकालाही तीन-चार धान्यांची पिशवी एका धान्यापेक्षा जास्त आवडते.

६. काढणी आणि वाळवण यांत घाई नको

परतीच्या पावसात कापणी सापडली तर धान्य ओले राहते आणि त्यावर बुरशी धरते. ही केवळ वासाची किंवा रंगाची अडचण नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील बांधवगड येथे कोद्रा खाल्ल्यानंतर १० हत्ती मेले, आणि तपासणीत बुरशीमुळे तयार होणारे सायक्लोपियाझोनिक आम्ल आढळले. महाराष्ट्रात उपवासाच्या दिवसांत भगरीमुळे विषबाधा झाल्याच्या बातम्याही तुम्ही वाचल्या असतील. ओला माल ‘नंतर वाळवू’ म्हणून पोत्यात भरणे हा या व्यवसायातला सर्वांत मोठा धोका आहे.

मळणी रस्त्यावर करू नका. वाहनांखाली कणसे टाकून मळणी करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण रस्त्यावरची बारीक खडी आणि राळ्याचा दाणा यांचा आकार जवळजवळ सारखा असतो, आणि तो खडा नंतर कोणत्याही चाळणीने निघत नाही. ताडपत्रीवर मळणी करा, सुपाने पाखडा आणि तीन-चार कडक उन्हे द्या.

ओलावा १२ टक्क्यांच्या खाली यायला हवा. मापक नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य व चमचाभर कोरडे मीठ घालून दहा मिनिटे हलवावे. मीठ काचेला चिकटले तर धान्य अजून ओले आहे. मीठ मोकळे राहिले तरी आणखी एक ऊन द्यावे, कारण ही परीक्षा साधारण १५ टक्क्यांपर्यंतच सांगते.

७. कांडप : जेथे बहुतेक गट थांबतात

ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांना सुटे टरफल नसते. राळे, सावे, बरगु, कोद्रा, ऊदलु आणि कोरले यांना असते, आणि कोद्र्याचे तर अनेक पदरी असल्याने सर्वांत चिवट. खपलीचा दाणाही टरफलातच बंद असतो, तिला आपल्याकडे कन्नडमध्ये जवे गोधी म्हणतात.

पहिल्या वर्षी आम्ही तीन क्विंटल राळे जवळच्या भाताच्या गिरणीत नेले. गिरणीवाल्याने चांगल्या मनाने प्रयत्न केला. पण भाताच्या दाण्यासाठी बसवलेल्या रबरी रुळांमधून राळ्याचा दाणा एकतर तसाच निसटतो, नाहीतर रूळ जवळ आणल्यावर भुगा होतो. तीन क्विंटलांतून आम्हाला जेमतेम पाऊण क्विंटल खाण्याजोगा तांदूळ मिळाला आणि उरलेले म्हशींना गेले. त्या दिवशी गट मोडण्याच्या बेतात आला होता.

योग्य क्रम असा आहे. प्रथम चाळणीने मोठा कचरा व माती काढावी. मग खडे काढणाऱ्या यंत्रातून धान्य न्यावे. त्यानंतर आकाराप्रमाणे दोन किंवा तीन प्रती कराव्यात, कारण लहान-मोठा दाणा एकत्र घातल्यास मोठा फुटतो आणि लहान तसाच राहतो. ही पायरी सर्वजण गाळतात आणि मग यंत्राला नावे ठेवतात. त्यापुढे तृणधान्यांसाठीच्या यंत्रात टरफल काढावे. या यंत्रात दाणा वेगाने आपटून टरफल फुटते आणि पंखा कोंडा उडवून लावतो. पहिल्या फेरीत जे न सोललेले राहते ते वेगळे करून दुसऱ्यांदा घालावे. शेवटी सुपात पाखडून हाताने निवडावे, आणि या कामाला यंत्राइतकाच पैसा लागतो हे हिशोबात धरावे.

चांगल्या वाळलेल्या मालातून आम्हाला १०० किलोला ६० ते ६५ किलो तांदूळ मिळतो. त्याहून बराच कमी येत असेल तर धान्य ओले आहे, प्रती केल्या नाहीत किंवा पोचट दाणे जास्त आहेत, या तिन्ही गोष्टी तपासा. पांढराशुभ्र करण्यासाठी पॉलिश करू नका. कोंड्याचा पातळ थर गेला की या धान्याचा मोठा गुणही जातो. मात्र तो थर ठेवला की त्यातील तेलामुळे तांदूळ लवकर खवट होतो. म्हणून सगळा माल एकदम कांडून ठेवू नये. टरफलासकट धान्य वर्षभर चांगले राहते, तेव्हा मागणीप्रमाणे महिन्याला एकदा कांडावे.

यंत्र लगेच विकत घेऊ नका. पहिले दोन हंगाम भाड्याने काम करून घ्या, मग माल वर्षभर यंत्र चालवण्याइतका आहे का ते पाहा. घ्यायचेच झाल्यास २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, इतके कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवले गेले; ते अजून चालू आहे का ते आधी विचारून घ्या. विक्रेत्याकडे जाताना स्वतःचे दहा किलो धान्य घेऊन जा आणि ते डोळ्यांसमोर काढून घ्या. विक्रेत्याच्या नमुन्याचे धान्य नेहमीच छान निघते.

८. भाव ठरवण्यापूर्वी हा हिशोब मांडा

समजा सभासदाला टरफलासकट राळ्याचे किलोला ४० रुपये दिले. १०० किलोचे ४,००० रुपये झाले आणि त्यातून ६२ किलो तांदूळ मिळाला, म्हणजे केवळ धान्यच साडेचौसष्ट रुपये किलोला पडले. त्यात कांडप ५०० रुपये, वाहतूक २००, निवडण्याची मजुरी ४०० आणि एक-एक किलोच्या ६२ पिशव्यांचे सुमारे २५० धरा. एकूण ५,३५० रुपये, म्हणजे किलोला ८६ रुपये. दुकानदार छापील किमतीवर २५ टक्के मागत असेल तर छापील किंमत ११५ रुपये ठेवावी लागते, आणि तेव्हाही गटाला एक पैसा उरत नाही.

नवखे गट ४० रुपयांवर दहा रुपये चढवून पन्नासला तांदूळ द्यायला निघतात. आम्हीही तेच केले होते. आकडे तुमच्या ठिकाणचे घाला, पण उताऱ्याचा, म्हणजे १०० किलोतून निघालेल्या तांदळाचा, भागाकार विसरू नका.

९. परवाने, लेबल आणि राज्याची हद्द

शेतकऱ्याने शेतावर काढलेले धान्य तसेच विकले तर २००६ चा अन्नसुरक्षा कायदा त्याला लागू होत नाही. गटाने ते कांडून पाकिटात भरले की लागू होतो. आम्ही नोंदणी केली तेव्हा वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीसाठी साधी नोंदणी पुरत होती आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये होते. अर्ज फॉस्कॉस या अन्नसुरक्षा नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः भरता येतो, आणि मर्यादा व शुल्क बदलत असल्याने भरण्यापूर्वी तेथेच ताजे नियम पाहावेत. याच कामाचे हजारो रुपये मागणारे मध्यस्थ तालुक्याच्या ठिकाणी भेटतात.

पाकिटावर धान्याचे नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, प्रति किलो किंवा ग्रॅम दर, भरल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे ती तारीख, बॅच क्रमांक, गटाचा पत्ता, तक्रारीसाठी दूरध्वनी, हिरवे चिन्ह आणि नोंदणीचा १४ अंकी क्रमांक असावा. हा अनिवार्य मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागतो. मराठी आणि कन्नड त्याच्या जोडीला असावे. आमची पहिली ५०० लेबले केवळ मराठीत छापली गेली आणि ती चुलीत गेली. दर्शनी बाजूस मराठी व कन्नड दोन्ही नावे ठळक घाला, कारण बेळगावच्या दुकानात दोन्ही भाषांतले गिऱ्हाईक येते.

‘मधुमेह बरा होतो’ असे काही छापू नका, ते बेकायदेशीर आहे. खपलीवर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिणे तर घातक आहे. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन असते.

सीमाभागातला सर्वांत अनपेक्षित सापळा कराचा आहे. सुट्या धान्यावर जीएसटी नाही, परंतु २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधलेल्या व लेबल लावलेल्या धान्यावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के आहे. राज्यातल्या राज्यात लहान गटाला नोंदणीतून सूट मिळते. पण करपात्र माल परराज्यात विकायचा असेल तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी आवश्यक ठरते. निपाणीहून बेळगावला पाठवलेले पाकीट आणि निपाणीहून कागलला पाठवलेले पाकीट यांत अंतराने दुसरे जवळ असले, तरी कायद्याने ते परराज्यात जाते. चंदगड, कोल्हापूर आणि गोवा हीच आपली स्वाभाविक गिऱ्हाइके असल्याने पहिल्या विक्रीआधीच कर सल्लागाराकडून लेखी मत घ्या.

‘सेंद्रिय’ हा शब्दही मोकळा नाही. लहान गटांना पीजीएस-इंडिया ही सहभागी हमी पद्धत परवडते. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो. तोपर्यंत ‘रासायनिक फवारणी केलेली नाही’ हे तोंडाने सांगावे आणि गिऱ्हाइकाला शेतावर बोलवावे.

१०. विक्री आणि पुढच्या वर्षाची तयारी

बेळगावची रताळी बाजार समितीतून थेट उत्तरेकडे जातात, कारण तेथे अडत, तोलाई आणि ट्रक यांची साखळी कित्येक वर्षे बसलेली आहे. राळ्यासाठी तशी साखळी नाही. त्यामुळे बाजार समितीत माल नेऊन लिलावाची वाट पाहू नका. बोली लावणाराच नसतो, आणि असला तर पक्ष्यांच्या खाद्याचा भाव सांगतो.

आम्हाला चार वाटा उपयोगी पडल्या : ठरावीक घरांना महिन्याची पिशवी, दोन-तीन किराणा दुकाने, नाश्त्याची गाडी चालवणाऱ्या बायका, आणि ज्या घरी खपलीची खीर किंवा हुग्गी अजून होते अशा लग्नघरांच्या ऑर्डरी. दुकानात उधारीवर माल ठेवताना संख्या लिहून सही घ्या आणि दर महिन्याला शिल्लक मोजा. प्रत्येक पिशवीत शिजवण्याची चिठ्ठी टाका. राळ्याचा तांदूळ अर्धा तास भिजवून एकास अडीच पाणी घातले तर मोकळा होतो, आणि ज्यांनी तो भिजवला नाही त्यांनी ‘कडक लागतो’ म्हणून पुन्हा मागितला नाही, हे आम्हाला फार उशिरा कळले.

उत्पादक कंपनी स्थापण्याची घाई करू नका. कायद्याने दहा उत्पादक पुरतात, परंतु दरवर्षीचे हिशोब, लेखापरीक्षण आणि सभा यांचा खर्च विक्रीतून निघायला हवा. संजीवनी या कर्नाटकातील ग्रामीण उपजीविका अभियानाच्या बचत गटावर आमची पहिली चार वर्षे चालली.

शेवटची पोती कांडायला काढण्याआधी बियाणे बाजूला ठेवा. उभ्या पिकातून निवडलेली कणसे हाताने झोडून घ्यावीत, सावलीत वाळवावीत, राख मिसळून मडक्यात भरावीत आणि मडक्यावर तिन्ही नावे, शेताचे नाव व वर्ष लिहावे. एका सभासदाकडे एकाच धान्याचे सगळे बी ठेवू नये. तीन घरांत विभागावे. चौथ्या वर्षी भोगीच्या ऐन मागणीत आम्ही उत्साहाने शेवटचे पोतेही कांडून विकले आणि जूनमध्ये स्वतःचेच राळे दुप्पट भावाने विकत आणले.